वाली

सूरमध्ये नवा वाली आला
त्या आठवड्यात माझ्याकडे अकरा फलक आले रंगवायला.

इथे वाली म्हणजे तालुक्याचा कारभारी,
हुद्दा, शिक्का, गाडीला काळ्या काचा.
आमच्या गुहागराकडे हा शब्द
'नाही'ला धरूनच येतो:
त्याला कुणी वाली नाही, तिला कुणी वाली उरला नाही.
सत्तावीस वर्षं झाली, तरी ब्रश टेकवताना
हात त्या 'नाही'साठी थोडी जागा सोडतो.

खल्फान मासळीबाजारातून तसाच आला,
बाह्यांना सुरमईचा वास.
हा वेगळा आहे, म्हणाला. स्वतः गाडी चालवतो.
काल बंदरावर उतरून त्याने बर्फाचा भाव विचारला.
बर्फाचा भाव! आजवर कुणाला सुचलं होतं?
त्याची शम्सा चार वर्षं घरी आहे,
पदवीच्या भेंडोळ्याचा रबरबँड तुटला की नवा लावते.
आता लागेल म्हणाला कुठेतरी.
मी चहा सांगितला.
कुन्हम्मदने साखर जास्त टाकली,
त्यालाही कुणीतरी काहीतरी सांगितलं असणार.

पत्रा जुनाच होता.
खरवडला तर आधीच्या वालीचं नाव निघालं,
त्याखाली त्याच्या आधीच्याचं,
मग एक फिकट निळं, माझ्याच हातचं,
तेव्हा माझा अलिफ अजून वाकडा पडायचा.
नावं तीन, काम एकच: वादीवरचा पूल.
रक्कम मात्र दर थराला वाढलेली.
पुलाचा एक खांब उभा आहे खरा.
दुपारी बकऱ्या त्याच्या सावलीत बसतात,
तेवढा खर्च वाया गेला असं कुणी म्हणू नये.

तीन महिन्यांत किनाऱ्यावरच्या खजुरांना
बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिवे गुंडाळले.
वळणावर सिमेंटचे दोन डॉल्फिन,
तोंडातून पाणी, पाण्यात हिरवा उजेड.
खरं सांगायचं तर छान दिसतं.
लोक पोरांना घेऊन येतात, फोटो काढतात.
मीही एक काढून घरी पाठवला.
बायकोने विचारलं, तुमचं बिल निघालं का?

नोव्हेंबरात डोंगरावर पाऊस झाला आणि वादी आली.
शाळेची बस पलीकडे अडकली,
खल्फानचा धाकटा तिच्यात, पाच तास.
माझा फलकही वाहून गेला.
दोन किलोमीटर खाली सापडला, बाभळीत दुमडलेला.
एवढ्या वर्षांत ते काम पहिल्यांदाच पुढे सरकलं.

खल्फान मजलिसमध्ये गेला.
रात्रभर घोकलेलं सगळं कॉफीच्या पहिल्या घोटाबरोबर विसरला
आणि एवढंच विचारलं,
डॉल्फिनला किती लागले?
सगळे हसले. वालीही हसला, मनापासून, म्हणे.
लिहून घ्या, म्हणाला कारकुनाला.
काय लिहून घेतलं ते खल्फानला दिसलं नाही.

तू सांग, मला विचारतो, तुला काय वाटतं?
मला?
इथल्या कुठल्या यादीत माझं नाव नाही,
गावच्या यादीत आहे, फोटो दुसऱ्याचा.
मी अकरा फलकांचा माणूस,
माझं बिल कचेरीच्या 'बुकरा'त,
म्हणजे उद्यात,
आणि त्या खणाची किल्ली रजेवर गेलेली.

तरी बारावा फलक आला. तोच पूल, नवी रक्कम.
पूर्ण होण्याची तारीख मोकळी ठेव, असा हुकूम.
ठेवली.

आज पत्रा वर चढवताना
खल्फानने दुसरं टोक धरलं.
तोंडाने शिव्या चालूच होत्या,
वालीला, कंत्राटदाराला, मला, माझ्या रंगाला,
आणि मधूनच थांबून, मागे सरकून,
डोळे बारीक करून बघत होता.
तुझी बाजू खाली आहे, म्हणाला.
सरळ लाव.
पलीकडच्या काठावरून वाचता आलं पाहिजे.