दहा मिलिसेकंद

कवडूजी आत्रामांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात
मागच्या भिंतीला माझं टेबल आहे.
पुढे वार्निशचा वास, तांब्याच्या तारा, पोटं उघडी टाकलेले पंप.
मागे वणीच्या खाण ऑफिसच्या लिलावातला पीसी,
झाकण काढलं की बोटाला अजून कोळसा लागतो.
त्यावर मी एक ऑपरेटिंग सिस्टिम उभी करते आहे.
एकटी नाही, जगात असे चाळीसेक जण आहोत.
एकाचंही तोंड पाहिलेलं नाही,
पण कोण कंस कुठे लावतो
त्यावरून माणूस ओळखते.

मे महिना. कूलरची टाकी दोनदा भरून झाली.
सात वाजता मेक लावला.
साडेदहाला शेताकडे थ्री फेज गेली
आणि गावातल्या लाइनीने एकदा डोळा मिटला.
एवढंच. पण तेवढ्यात
एक ऑब्जेक्ट फाइल लिहायची राहिली.
नाव आहे, तारीख ताजी आहे, आत शून्य बाइट.
मेक तारीख बघतो, आत बघत नाही,
ग्रामपंचायतीच्या शौचालय रजिस्टरसारखा.
मग लिंकर पोस्टमनसारखा दारोदार फिरून येतो:
या नावाचं इथे कोणी राहत नाही.
मी दोन रात्री त्या नावाचं स्पेलिंग तपासत बसले.

तिसऱ्या रात्री सगळं पुसलं,
पहिल्यापासून बांधलं. उठलं.

उठलं, पण नेटवर्क कार्ड मुकं.
आहेस का? आहे.
पत्ता सांग.
एफएफ एफएफ एफएफ एफएफ एफएफ एफएफ.
म्हणजे तारेच्या त्या टोकाला कोणीच नाही,
नुसती वीज उभी आहे.

कुठे अडतं ते कळावं म्हणून
मी कोडमध्ये छापायची एक ओळ घातली: इथवर आले.
चाललं!
ओळ काढली. बंद.
घातली. चाललं.
आता हे कोणाला सांगायचं,
की बाई, विचारपूस केली की ते बरं असतं?

सतरा रात्री.
डेटाशीटचं एकशे बारावं पान
कोणीतरी तिरकं स्कॅन केलेलं,
नेमका पाहिजे तो तक्ता घडीत गेलेला.

कवडूजी शटर अर्ध्यावर ओढून
एका मोटरची चाचणी घेत होते.
मी न राहवून सगळं सांगितलं,
रजिस्टर, रिसेट, एफएफ.
त्यांनी तार दातात धरूनच ऐकलं.
"चालू केल्याबरोबर लोड देत असते का कोणी?
थिले आंधी स्पीड पकडू दे ना, बाई."

छापायला वेळ लागतो.
तेवढ्या वेळात कार्ड जागं होत होतं.
माझी ओळ काही विचारत नव्हतीच,
ती फक्त थांबवत होती.

रिसेटच्या खाली लिहिलं: दहा मिलिसेकंद थांब.
पुन्हा बांधलं. तेवढ्यात चहा झाला, मच्छर झाले,
टिपेश्वरकडून येणारा शेवटचा ट्रक हॉर्न देऊन गेला.
मग पडद्यावर सहा जोड्या,
त्यात एकही एफएफ नाही.
खाण ऑफिसात बारा वर्षं कोणी न विचारलेला पत्ता
त्याने एका दमात सांगितला.

"किती बदललं?" कवडूजींनी विचारलं.
एक ओळ.
"एका ओळीसाठी सतरा राती?"
आणि स्वतःच हसले.
त्यांच्या हातात अख्खी उसवलेली कॉइल होती,
जळालेला वेढा त्यात एकच.

नऊवर चालत नाही, हे मी पाहिलं आहे.
अकरा कशाला, हे कोणी विचारलेलं नाही.
दहाच का, ते मला माहीत नाही,
आणि कोडमध्ये शेजारी तसंच लिहून ठेवलं आहे:
कारण कळलेलं नाही, सेहेचाळीस डिग्रीला तपासलं.

थंडीत पुन्हा बघावं लागेल.
साउंड कार्ड अजून बोलतच नाही.