पासंग

आमच्या काट्याची वजनांकडची बाजू पहिल्यापासून हलकी.
बापानं तिच्या साखळीत शिशाचा गोळा अडकवला होता,
लिंबाएवढा.
तो काढला तर पोत्यामागे साडेतीन किलोंची लबाडी,
राहू दिला तर इमान.

त्रेचाळीस साली लोक बटाट्याची शेतं टाकून
डोंगरातून काळा दगड काढत होते.
वुल्फ्राम. मूठभर दगडाला कोंबडीचं वजन.
पाद्रीबाबाही प्रवचन आटोपतं घ्यायचे,
त्यांच्या परसात एक शीर सापडली होती.

पेनफोल्ड इंग्रजांसाठी घ्यायचे, लूडेके जर्मनांसाठी.
दोघं एकाच खाणावळीत उतरलेले,
जिन्यात भेटले की टोपी उचलायचे.
लूडेकेंचा दगड तोफगोळ्याच्या टोकाला जायचा.
पेनफोल्डांचा बराचसा कुठेच जायचा नाही,
पोर्तूच्या गोदामात धूळ खात पडायचा.
त्यांना दगड नको होता,
तो लूडेकेंना मिळायला नको होता.
आईला हे काही केल्या उमजेना.
म्हटलं, जावेचं कालवण अळणी व्हावं म्हणून
बाजारातलं सगळं मीठ उचलायचं, तसं.
मग मात्र ती हसली.

राजधानीतून सांगायचे, आपण तटस्थ.
म्हणजे तटावर उभे.
मी झेझेरच्या काठावर वाढले.
तटावर पाय कोरडे राहतात
हे नदी न पाहिलेल्याला सांगा.

मार्चमध्ये वकिलातीतली एक बाई आली,
लेस विकत घ्यायच्या निमित्तानं.
लेस तिनं उलटी धरली होती.
म्हणाली, लूडेकेंच्या पोत्यांत साधा दगडही जाऊ दे,
दहात एक. वजनाचं तू बघ, एर्मेलिंदा.
पैशांचं काही बोलली नाही.
माझ्या भावाचं नाव घेतलं,
कॉड धरायला गेलेल्या त्याच्या गलबताचं,
आणि एका पाणबुडीचा क्रमांक सांगितला.
खरा की खोटा, समुद्राच्या तळाशी कोण विचारायला जाणार?
त्या संध्याकाळी शिशाचा गोळा माझ्या एप्रनच्या खिशात होता.
चालताना मांडीवर आपटायचा.

सहा आठवडे चाललं.
मग लूडेकेंनी एक दगड हातोड्यानं फोडला, दुसरा फोडला,
आणि हातोडा हळूच टेबलावर ठेवला.
माझ्याकडे आले. आवाज मऊ.
"तुमच्या वडिलांच्या काट्यावर माझा संशय नाही, बाई."
त्यांनी स्वतः प्रमाणवजनं टाकून पाहिली.
गोळा सकाळीच जागेवर गेला होता.
मी म्हणाले, काटा खोटं बोलत नाही.
खरंच होतं ते.

पोती झेफेरीनु भरायचा.
चौदा वर्षांचा, शिट्टी वाजवत भरायचा.
मी म्हणेन तो ढीग, मी म्हणेन तेवढा.
शिपाई आले तेव्हा तो माझ्याकडे बघत होता
आणि मी वहीत आकडे मांडत होते.
ती बेरीज अजून आठवते.
चारशे अकरा.

बाराव्या दिवशी परत आला.
डाव्या हाताची मूठ वळत नव्हती.
मला काही विचारलं नाही.
आईनं विचारलं, तर म्हणाला, पडलो.

पुढल्या उन्हाळ्यात सरकारनं विक्री बंद केली.
दोन्ही साहेब एकाच आठवड्यात गेले,
खाणावळीचं बिल दोघांनीही चुकतं केलं.
वकिलातीतून आभाराचं पत्र आलं,
कशाबद्दल, ते त्यात नव्हतं.

आता काट्यावर पुन्हा बटाटे.
झेफेरीनु पोतं आणतो,
तोंड बांधायला उजवा हात आणि दात.
मी तोलते,
त्याच्या नावावर साडेतीन किलो जास्त लिहिते,
दर वेळी.
तो माझ्या कानामागची पेन्सिल काढतो,
ते साडेतीन खोडतो,
पेन्सिल परत जागेवर ठेवतो
आणि पुढच्या माणसाला वाट करून देतो.