अडीच सूत

बावीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा होतो.
माप घेतल्याशिवाय माझा हात कशाला लागत नाही.
म्हणून पहिली पेटी केली ती
सागाच्या फळ्यांची, चारी कोपरे काटकोनात,
आतून पॉलिशसुद्धा.
इलाही सुतार म्हणाला,
"भावा, माश्यांस्नी काय शोरूम दावतोस?"

कळ्याच्या पुढं, कुंभीच्या वरच्या अंगाला
दोन एकर मुरमाड रान.
जांभळीखाली पेटी मांडली.
चार पायांखाली चार वाट्या,
वाट्यांत पाणी, मुंग्यांसाठी.

बिरू हांडेनं ढोलीतलं सातेरीचं मोहोळ काढून दिलं.
हात कोपरापर्यंत आत,
अडलेल्या मेंढीला घालावा तसा,
आणि तोंडानं सारखं काहीतरी पुटपुटणं.
राणी आली. बाकीच्या तिच्या मागनं आल्या.

नऊ दिवस राहिल्या.
दहाव्या दिवशी पेटीत पॉलिशचा वास
आणि तळाला तीन मेलेल्या.

बायको म्हणाली, "वास सोसला नसंल.
तुमच्या कपड्यांचा कूलंटचा वास
मलाबी सोसायचा न्हाई.
पर मला कुठं पंख हुतं?"

मी त्या रात्री जेवलो, पण गप्प जेवलो.

पुढच्या साली सावरीचा पोकळ ओंडका आणला.
तोंडं फळीनं बुजवली, वरून शेणमाती,
आत जुन्या पोळ्याचं मेण चोळलं.
माप घेतलं नाही.
शिमग्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी,
जांभळीवर आवाज झाला,
भट्टीचा ब्लोअर लांबून ऐकू येतो तसा,
आणि त्या आपल्या आपण आत गेल्या.

महिन्यानं फळी हळूच सरकवली.
सात पोळी, पांढरी, टांगलेली.
मला राहवलं नाही, व्हर्नियर आणला.
दोन पोळ्यांच्या मधली वाट: अडीच सूत.
दुसरी मोजली: अडीच सूत.
आत अंधार, ड्रॉइंग नाही, सुपरवायझर नाही,
आणि रिजेक्शन शून्य.

लोक सांगायचे, साखरेचा पाक घाल, दुप्पट मध मिळंल.
साखरेच्या मुलखात साखरेला काय तोटा?
मी घातला नाही.
पावसाचे चार महिने त्यांनी स्वतःचंच खाल्लं.
दोन वर्षं मी बोटभरसुद्धा काढला नाही.
मेव्हणा चहा पिताना म्हणाला,
"मधाचा धंदा, आणि चहात साखर?"

एकाचे दोन झाले, दोनाचे पाच.
विकत एकही आणलं नाही.
दर उन्हाळ्यात एखादं मोहोळ फुटायचं,
मी नवा ओंडका मांडून ठेवायचो,
कधी यायच्या, कधी बिरूच्या डोंगराला जायच्या.
एकदा मेणकिड्यानं आख्खं घर खाल्लं.
गांधील माश्यांनी एक.
आता अकरा.

मार्गशीर्षात चौगल्यांचं गुऱ्हाळ पेटलं
आणि माझ्या माश्या काहिलीत पडू लागल्या.
मळीबरोबर झाऱ्यावर येत होत्या, ओंजळी ओंजळीनं.
भांडायला गेलो.
बळवंत चौगले घाम पुसत म्हणाला,
"तुझ्या माश्या माझा रस पित्यात,
त्येचं बिल मी कुणाच्या नावानं फाडू?"
मला उत्तर आलं नाही.
मग दोघांनी मिळून शेडला जाळी बसवली.
माप मी घेतलं, पैसे निम्मे निम्मे.
वाफेनं जाळी चिकट होते, गुळवे शिव्या घालतात,
तरी फटीतनं काही शिरतात, काही मरतात.
पहिल्या वर्षी मोजायचो.
आता संध्याकाळी झाडून काढतो फक्त.

ती पहिली पेटी अजून जांभळीखालीच आहे.
पाच पावसाळे खाल्ले तिनं,
पॉलिश उडालं, एक कोपरा काटकोनात राहिला नाही.
काल तिच्यात एक माशी दिसली, एकटीच.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होती,
मग वरून खाली, मग पुन्हा पहिल्या भिंतीला.
बाहेर येऊन दाराशी थांबली, पुन्हा आत गेली.

मी दोन पावलं मागं सरलो.
माप घेणाऱ्याशी मध्येच बोलू नये,
आकडा चुकतो.