एक काना

म्हापशाला, कोर्टाच्या पायरीपासून चौथं टेबल माझं.
आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आहे.
छत्री तीच.

शुक्रवारी बाजार, म्हणून गिऱ्हाईक दुप्पट.
बाप्तिस्ताबाब आले आजोबांचा जन्मदाखला घेऊन:
साल एकोणीसशे अकरा, पोर्तुगीज शाई,
कडेला वाळवीनं खाल्लेली नक्षी,
तरी आजोबा शाबूत. आईचं नाव, बापाचं,
दोन्ही साक्षीदारांचं,
पहाटे किती वाजता जन्मले तेसुद्धा.
लिस्बनला एवढं पुरतं.

त्यांच्या मागे हारून उभा होता.

हारून आदम, गाव न्याला, दारफूर.
काकाच्या ऑपरेशनला म्हणून पुण्यात आला.
काका गेला, हा राहिला,
खानावळीत भांडी घासता घासता मराठी शिकला.
आता शिवोलीला एका किचनमध्ये मासे साफ करतो.
दूरच्या एका देशाकडे त्यानं आसरा मागितलाय.
त्यांनी पुरावा मागितलाय.

पोलिसांत तक्रार केली होती का? प्रत जोडा.
"काकू, पोलीसच आला होता."
जखमेवर उपचार? कागद जोडा.
दवाखाना त्याच आठवड्यात गेला.
मग त्यानं शेजारच्या उल्हासच्या झेरॉक्सवर
भाजलेला दंडच ठेवला, काचेवर.
कागद काळाकुट्ट आला.
उल्हासनं पैसे घेतले नाहीत.

हा दुसरा फेरा.
पहिला अर्ज मार्चमध्ये मीच केला होता,
तो सांगत होता, मी इंग्रजीत उतरवत होते.
तो म्हणाला, घर जळलं.
मी लिहिलं, घराला आग लागली.
चौदा पानांचा नकार आला.
नवव्या पानावर माझं वाक्य, अवतरणचिन्हांत,
आणि खाली: आग कोणी लावली,
असे अर्जदार कुठेही म्हणत नाही.

हारून, जळलं की जाळलं?
तो माझ्या ओठांकडे बघत राहिला.
त्याला दोन्ही एकच ऐकू येत होतं.
मी हवेत काडी ओढून दाखवली.
"हां, तेच. पाच जण. एक माझ्या शाळेतला."

खानावळीत कोण शिकवणार त्याला हा फरक?
तिथे भात जळायचा, बोट जळायचं,
मुद्दाम कुणी काही करत नव्हतं.

ज ला एक काना. उभी रेघ,
काडीएवढीच.

आता दुरुस्ती टाइप करतेय.
वकील म्हणतात, जपून. जबाब बदलला की संशय येतो,
आधी का नाही बोलला, हे विचारतील.
मग मी देते ना प्रतिज्ञापत्र:
मी, उर्मिला च्यारी, राहणार खोर्ली,
शपथेवर सांगते की चूक माझी, त्याची नव्हे.
वकिलांनी चष्मा काढला.
"त्याला पुरावा?"

बाप्तिस्ताबाब सुटे मोजत होते, मोजायचे थांबले.

हारूननं तो काळा कागद फाइलला लावायला दिला.
पान नंबर घालायचा तर पेन उमटेना.
मी व्हाइटनरची बाटली हलवली,
कोपऱ्यात सतरा लिहिलं,
आणि वाळेपर्यंत फुंकर मारत बसले.