सात वाजेपर्यंत लाल

वार्दोत मे महिना लागला की
सूर्य मावळायचं नाव काढत नाही.
रात्री दोनला कुंपणाच्या सावल्या लांबलचक,
छपरावर कुरव पक्ष्यांची भांडणं,
आणि एस्किल, वय वर्षे चार, बूट घालून आमच्या उशाशी:
"झाली सकाळ."
काय बोलणार? पुरावा सगळा त्याच्या बाजूनं.

गुनवोर खेकड्यांच्या कारखान्यात, रातपाळीला.
पहाटे तीनला येते, बोटं गारठलेली,
डोळा लागतो न लागतो तोच
तिरिल पडदा ओढते. दांडीसकट.

म्हणून मी दिवा केला.
बंदरावर डिझेल इंजिनं उघडणारा माणूस मी,
एवढंसं काम करताना हात थरथरले.
आइस्क्रीमचा रिकामा डबा,
बंद पडलेल्या कॉफीयंत्राचा टायमर,
एक रिले, दोन दिवे: एक लाल, एक हिरवा.
झाकणाला आतून केक भाजायचा कागद लावला
म्हणजे उजेड डोळ्यांत न घुसता नुसता पसरावा.
डाखकामाचा धूर तिरिलनं हुंगला
आणि म्हणाली, "खाऊ?"

नियम सोपा. लाल आहे तोवर झोपून राहायचं.
सातला आत 'टक्' होईल, मग हिरवा, मग उठायचं.
तीन आठवडे अगदी घड्याळासारखे गेले.
गुनवोरच्या डोळ्यांखालचं काळं थोडं उतरलं.
शेजारच्या ओडबियर्गला मी फुशारकीनं सांगितलं,
पोरं वळण लावू तशी वळतात.

मग तो रविवार.
पहाटे चारला केव्हातरी वीज गेली, मिनिटभर असेल,
आणि परत आली.
टायमरनं पुन्हा शून्यापासून मोजायला घेतलं.
आम्हांला उठवायचं काम एरवी पोरांचं,
त्यामुळे आम्ही दोघं मेल्यासारखे झोपलो.

साडेनऊला जाग आली ती शांततेनं.
दार ढकललं.
एस्किल पलंगावर ताठ बसलेला,
तिरिलला मांडीत घट्ट धरून.
चादर ओली. दोघांच्याही खालची.
खिडकीत ऊन मावत नव्हतं,
आणि तो त्या डब्याकडे बघत
हळू आवाजात, कुणाला उठवू नये अशा बेतानं:
"बाबा, आज सकाळ आलीच नाही."

मी प्लग उपटला. लाल गेलं.
तरी तो उतरेना.
"हिरवा नाही झाला," म्हणाला.
दोन्ही पोरं उचलून खाली आणली मी,
अंगणात, गवतात, ओल्या चड्ड्यांसकट,
आणि सूर्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलत राहिलो.
काय बोललो ते आठवत नाही.
ओडबियर्गनं खिडकीतून पाहिलं, हात केला.

त्या संध्याकाळी डबा पुन्हा उघडला.
टायमरसाठी एक बॅटरी घातली, वीज गेली तरी चालणारी.
ते पाच मिनिटांचं काम.
बाकीचा वेळ भोक पाडण्यात गेला,
एका पिवळ्या बटणासाठी.
त्याची तार भिंतीतून, जिन्यावरून, आमच्या उशाशी.
नियम नवा: लाल असो, हिरवा असो,
हे कधीही दाबायचं. कारण सांगावं लागणार नाही.

पहिल्या रात्री अकरा वेळा वाजलं.
अकरा वेळा जिना चढलो.
"काय रे?" "काही नाही."
"काय रे?" "पाणी." "काय रे?" "तू आलास का ते बघत होतो."
गुनवोर म्हणाली, झोप तर गेली परत. घेतलंस काय आणि दिलंस काय?
मी म्हटलं, हिशेब नंतर करू.

आता नोव्हेंबर सरतोय. सूर्य गेलाय, जानेवारीपर्यंत.
सातला अंधारात हिरवा लागतो,
एस्किल खिडकीकडे न बघताच उठतो.
काल रात्री दीडला पिवळा वाजला.
वर गेलो तर तो गाढ झोपेत,
आणि तिरिल अनवाणी, डब्यापाशी उभी,
बोट अजून बटणावर.
मला बघून तिनं ते काढलं.
मग पुन्हा दाबलं,
मी समोर असताना.