तळमजल्याची मोरी

वरचे मजले हात धुतात आणि विसरतात.
माझ्याकडे ते थोड्या वेळाने येतं.

बेचाळीस वर्षं या मोरीत भांडी घासतेय, माहीमला,
त्यामुळे कळतं
मिस्किटांकडे आज कोळंबी सोलली,
कुरेशींकडे पाहुणे, तांदूळ दोनदा धुतले,
आणि पाठारे काकांनी केसांना कलप लावणं सोडलं.
(आजाराचं जिन्यात नंतर कळलं.)

मे महिन्यात एका मंगळवारी पाणी उलटं आलं.
आधी गुडगुड, म्हाताऱ्याने घसा साफ करावा तशी,
मग जाळीतून फेस, मग भाताची शितं,
मग जे आलं त्याचं नाव नको.
मी डबे पलंगावर चढवले, उंबऱ्याला गोणपाट लावलं
आणि जिन्याखालून ओरडले,
"नळ बंद करा सगळ्यांनी!"
वर कुणाचं तरी वॉशिंग मशीन
शेवटचा फेरा पुरा करूनच थांबलं.

वॉर्ड ऑफिसचा माणूस आत आलाच नाही.
फाटकाच्या लोखंडी पट्टीवर चपलेचं टोक ठेवून म्हणाला,
इथून बाहेरचं आमचं, इथून आतलं तुमचं.
आतलं म्हणजे हाऊस गल्ली.
दोन इमारतींमधली हातभर फट,
सगळे पाइप जिथे उतरतात
आणि कुणाचीच खिडकी उघडत नाही.

रात्री मीटिंग, गच्चीच्या दाराशी, कारण खाली वास.
गोठणकर म्हणाले, मी तीन महिने पुण्याला होतो, मला धरू नका.
कुरेशींच्या सुनेने विचारलं, मालकाने द्यायचे की भाडेकरूने?
तिसऱ्या मजल्याने शास्त्र सांगितलं :
पाणी खाली जातं, आमचा काय संबंध?
मी म्हटलं, बरोबर. पाणी खालीच जातं.
खाली मी आहे.

मग फार बोलले मी.
एकेकाचं काढलं. चहाचा चोथा, केसांचे पुंजके,
कुणाच्या लेकराचे डायपर, कुणाचं तेल.
बेचाळीस वर्षांचं तुंबलेलं, एका रात्रीत.
नऊ हजार चारशे भागिले सात.
सह्या झाल्या. गोठणकरांनी पेन परत मागून घेतलं.

सकाळी मेघजी आला, बांबूच्या कामट्यांची मोळी घेऊन.
चेंबरमध्ये उतरायचं नाही हं, मी बजावलं,
आणि असं बजावल्याचं मला बरं वाटलं.
उतरला नाही तो. पालथा पडला,
गाल फरशीला, हात खांद्यापर्यंत आत,
आणि डोळे मिटून शोधत राहिला.

दीड तासाने आलं.
दोरखंडासारखं, काळं, सबंध इमारतीच्या केसांनी वळलेलं.
पाठारे काकांचे, सुनेचे, माझे पांढरे,
कुणाचे कुठले ते आता देवालाही सांगता येऊ नये.
मेघजीने बादली ओतली.
एका टोकाला काठ दिसला.
मोरपंखी, मधे लाल बारीक रेघ.

माझी इरकल.
विरली तेव्हा चार पोतेरी केली होती तिची.
एक हरवलं. मी कावळ्यांवर घेतलं.

गल्लीच्या तोंडाशी मिस्किटाबाई, नाकाला पदर.
त्यांच्या लोर्नाच्या लग्नात मी हीच नेसले होते.
फोटोत आहे.
त्यांनी काठाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"निघालं ना? मग झालं तर," म्हणाल्या
आणि जिना चढून गेल्या, सावकाश, गुडघ्यावर हात ठेवत.

मेघजीला चहा दिला. कागदी कपात.
घरात स्टीलचे बारा पेले आहेत.
त्याने कप चुरगळला, टाकायला जागा शोधली,
शेवटी खिशात ठेवला.

माझे तेराशे त्रेचाळीस मी सगळ्यांच्या आधी भरले.
बाकीच्यांना काय सांगायचं ते अजून ठरत नाही.
सांगेन. गणपतीच्या आधी.

दुपारी वर कुणीतरी तांदूळ धुतले.
पाणी जाळीखालून गेलं, कुठे न अडता,
मी कान लावून बसले फाटकापर्यंत.

संध्याकाळी दोरीवरची पोतेरी काढली.
मोजून आत घेतली.
तीन.