परत करण्याचा अर्ज

गिरासे साहेबांचा शिक्का
माझ्या शर्टाच्या खिशात आहे.
लाकडी मूठ, रबर एका बाजूनं झिजलेलं,
म्हणून 'अभियंता'मधला 'ता'
गेली सात-आठ वर्षं उमटतच नव्हता.
कुणी हटकलं नाही.
नगरपालिकेला परवाना क्रमांक दिसला की पुरे.

मी आयटीआय, आरेखक, धुळे, सत्त्याऐंशीची बॅच.
एकतीस वर्षं साहेबांच्या टेबलासमोर
ट्रेसिंगवर वाकलो.
दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचे ढीग पडले
की आख्ख्या गल्लीला शिंका,
आणि शिंक येण्याआधी पेन उचलायचं असतं
हे पहिल्याच आठवड्यात शिकलो.
पुढे कॉम्प्युटर आला. शिंकांचा प्रश्न मिटला.

सामासिक अंतर, ओटा, जिना, मोरी,
शोषखड्डा विहिरीपासून किती लांब,
सारं मीच काढायचो.
साहेब चष्मा कपाळावर सारून
एकच विचारायचे: मुरूम कितीवर लागला?
आपली काळी माती,
उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशी भेगाळते
आणि पावसात फुगून पाया उचलते.
उत्तर पटलं तर सही. मग शिक्का.
मग चारी प्रती मन्साराम ठेकेदाराच्या हाती.

शिंदखेडा रस्त्याला भावसारांच्या घराची गॅलरी.
सळई वर हवी होती. मी खाली दाखवली.
टेकू काढले त्या दुपारी
गॅलरी खाली आली,
खाली बांधलेली शेळी गेली.
शेळीच होती म्हणून हे सांगू तरी शकतोय.

नोटीस साहेबांच्या नावानं.
परवाना रद्द का करू नये, सात दिवसांत खुलासा.
मी म्हटलं, मी येतो, सांगतो माझी चूक.
साहेब चप्पल घालता घालता बोलले,
"आधार, चूक तुन्ही व्हई,
पन सही मन्ही शे."
आणि एकटेच गेले.

सहा महिने परवाना निलंबित.
शेळीचे पैसे त्यांनी भरले, माझा पगारही.
काम नव्हतं, तरी रोज दहाला हजर व्हायचं
आणि जुन्या वर्तमानपत्रावर
एक गॅलरी काढायची. सळई वर.
रोज एक. रविवारीसुद्धा.

मार्गशीर्षात साहेब गेले.
तेराव्याचं जेवण उरकलं आणि
मन्साराम तीन नकाशे घेऊन दारात.
"मागची तारीख टाक भो. शिक्का तुझ्याचकडे ना?
आणि सही तर तुला येतेच."

येते.
साहेबांच्या सहीतला 'ग'
त्यांच्यापेक्षा मला बरा जमतो.
मी त्याला चहा दिला.
नकाशे उलगडले नाहीत.

आज खिडकीशी बागुल क्लार्क म्हणाला,
नव्या परवान्याचा अर्ज आहे,
नूतनीकरणाचा आहे,
परत करायचा छापील अर्ज नाही.
आजवर कुणी आणलाच नाही परत.
वारसाच्या नावावर करायचाय का?
म्हटलं, रेशनकार्ड आहे का हे?
मग तुम्ही त्यांचे कोण?
ह्याला काही उत्तर सुचेना.
बरं, तुमचा स्वतःचा परवाना क्रमांक?
नाही.
मग साध्या कागदावर लिहून द्या, बघतो.

कोरा कागद घेतला.
सवयीनं आधी समास सोडला,
चारी बाजूंनी, नियमाप्रमाणे.
शिक्का एक, क्रमांकासह, सोबत जोडत आहे, असं लिहिलं.
खाली 'अर्जदार' लिहून
सही करायला गेलो
तर पेन वळलं 'ग'कडे.

खोडलं.
पुन्हा टेकवलं.
माझं नाव असं कागदाच्या उजव्या कोपऱ्यात
मी कधी लिहिलंच नव्हतं,
'आ'चा काना केवढा काढायचा तेच कळेना.

काका, आटपा,
बागुल म्हणाला,
जेवणाची सुट्टी होईल.